राणी मारिया प्रकरण: खुन्याला राखी बांधली हे खरं, पण माफी नेमकी झाली कधी?

माफीवर प्रवचनं आपण भरपूर ऐकतो, येशूचं "सत्तर वेळा सात माफ कर" सगळ्यांना पाठ आहे, पण एखादी खरी केस घेऊन तारखांसकट शेवटपर्यंत कोणी उलगडत नाही. सिस्टर राणी मारिया या १९९५ मध्ये खून झालेल्या कॅथलिक धर्मभगिनीची गोष्ट व्हॉट्सअॅपवर एका ओळीत फिरते, "बहिणीने खुन्याला राखी बांधली", खाली हात जोडलेले इमोजी आणि झालं. ओळ खोटी नाही. पण त्या एका ओळीत अकरा-बारा वर्षं कोंबलीयेत आणि बघण्यासारखं जे काही आहे ते त्या वर्षांमध्येच आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

आधी जागा. उदयनगर, जिल्हा देवास, मध्य प्रदेश. इंदूर-देवास आपल्याला काही परकं नाही, होळकर-पवारांची गावं, इंदुरात आजही मराठी घरं ढिगाने आहेत आणि निम्म्या लोकांचे कोणी ना कोणी तिकडे असतातच. पण उदयनगरची बाजू वेगळी, डोंगर, जंगल, आदिवासी पाडे. इंदूरचा सराफा आणि पोहे-जलेबी डोक्यातून काढून टाका.

राणी मारिया मूळच्या केरळच्या, एर्नाकुलम जिल्ह्यातलं पुल्लुवळी गाव, जन्म २९ जानेवारी १९५४. शेतकरी घर. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट काँग्रिगेशन या धर्मभगिनींच्या संस्थेत गेल्या, १९७४ ला पहिली व्रतं घेतली, आणि पुढच्याच वर्षी उत्तरेला निघाल्या. आधी बिजनोर, मग सतनाकडे, आणि १९९२ ला उदयनगर. म्हणजे खून झाला तेव्हा त्या भागात त्यांना जेमतेम तीन वर्षं झाली होती. एवढ्या कमी वेळात कोणाच्या डोळ्यात इतकं खुपावं असं काय केलं बाईंनी? शाळा काढली, दवाखाना चालवला म्हणून कोणी कोणाला मारत नाही. त्यांनी हात घातला तो सावकारीला.

हे समजल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही म्हणून इथे थोडं थांबतो. कोरडवाहू भागात पावसाच्या तोंडावर बी-बियाण्याला पैसा नसतो, बँकेत जायचं तर कागद नाही, कागद असला तर वाचता येत नाही, मग सावकार. पीक आलं की माल खळ्यावरूनच उचलला जातो, भाव सावकार सांगेल तो, व्याज फिटतं पण मुद्दल तसंच राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच दार. ज्या माणसाला हिशोब वाचता येत नाही तो आयुष्यभर फेडतच राहतो. राणी मारियांनी लोकांचे बचत गट केले, सरकारी योजना काय आहेत ते सांगितलं, बँकेचं कर्ज कसं मिळतं ते दाखवलं. ऐकायला अगदीच साधं, आपल्याकडे अशी कामं करणाऱ्या एनजीओ गल्लोगल्ली आहेत. पण माणूस बँकेत जायला लागला की सावकाराच्या दारात जायचं बंद होतं, आणि ते फक्त पैशाचं नुकसान नसतं, गावातला वचकच जातो.

आता २५ फेब्रुवारी १९९५. सकाळी त्या उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. बसमध्ये समंदर सिंग नावाचा त्याच भागातला एक तरुण होता. पुढे नाचनबोर डोंगराजवळ त्याने बस थांबवली, खाली उतरला, दगडावर नारळ फोडला, पूजा केली आणि खोबऱ्याचे तुकडे घेऊन परत बसमध्ये आला. लोकांना वाटले. राणी मारियांच्या पुढेही एक तुकडा धरला आणि त्या घ्यायला गेल्या तसा मागे घेतला. आज एवढा खुशीत कसा काय, असं त्यांनी विचारलं म्हणतात. त्यावर, याच्यासाठी, असं म्हणून त्याने सुरा काढला. बसमध्येच वार केले, मग बाहेर ओढून रस्त्यावर. अंगावर ५४ जखमा मोजल्या गेल्या. बसभर माणसं होती, एकजण मध्ये पडला नाही. शेवटपर्यंत त्या येशूचं नाव घेत होत्या असं सांगितलं जातं.

तो प्रसादाचा तुकडा पुढे करून मागे घेणं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. रागाच्या भरात केलेला खून असता तर माफीचं गणित थोडं सोपं असतं असं मला वाटतं. हा ठरवून केलेला होता, आणि मारायच्या आधी थट्टा पण केली.

समंदर पकडला गेला, जन्मठेप झाली, इंदूरच्या जेलमध्ये गेला. ही बाई लोकांना बाटवते असं आपल्या डोक्यात भरवलं होतं, आपल्याला भरीला घातलं गेलं, असं तो पुढे सांगत आला. भरीला घालणारे मात्र बाहेर राहिले, आत फक्त हा. बायको सोडून गेली. आता अशा माणसाच्या मनात जेलमध्ये काय चालू असेल? पश्चात्ताप? अजिबात नाही. सुटलो की आधी त्यांना मारायचं ज्यांनी मला अडकवलं, हे चालू होतं. म्हणजे एक खून होऊन गेलेला आणि दुसरा रांगेत उभा. हा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो आणि माझ्या मते केसचा कणा हाच आहे.

इथे स्वामी सदानंद येतात. नाव हिंदू वाटलं तरी हे कॅथलिक फादर, सीएमआय नावाच्या धर्मसंघाचे, मूळ केरळचेच, मध्य प्रदेशात आश्रम करून संन्याशासारखे राहायचे. ते जेलमध्ये समंदरला भेटायला जायला लागले. एकदा नाही, परत परत. कोणाला वाटेल फादर गेले, बायबल वाचलं, याला रडू फुटलं. तसं नव्हतं हो. चिडलेल्या, सूड घ्यायला टपलेल्या माणसाशेजारी बसून त्याचं ऐकून घेणं, आणि हळूहळू त्याला कळू देणं की जिचा जीव तू घेतलास तिच्या घरचे लोक तुझा जीव मागत नाहीयेत. हे वर्षानुवर्षांचं काम आहे. राखी बांधणाऱ्या सिस्टर सेल्मी पॉलचं नाव सगळ्यांना माहीत, सदानंद स्वामींचं फारसं कोणाला माहीत नाही, हे मला खटकतं. भांडलेल्या दोन घरांच्या मध्ये उभा राहणारा माणूस नेहमी असाच विसरला जातो.

सेल्मी पॉल म्हणजे राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, त्याच संस्थेतली सिस्टर. ऑगस्ट २००२ मध्ये, रक्षाबंधनाच्या दिवसांत, त्या जेलमध्ये गेल्या आणि समंदरच्या हाताला राखी बांधली. भाऊ म्हटलं.

तारखा बघा. खून फेब्रुवारी १९९५, राखी ऑगस्ट २००२. साडेसात वर्षं. आपल्याकडे एखाद्याच्या घरात भावाभावांत जमिनीवरून फाटलं की पुढच्याच रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर कोणीतरी काका येऊन सांगतात, चला आता हात मिळवा, ख्रिस्ती माणसाने मनात ठेवू नये. साडेसात आठवडे पण द्यायची तयारी नसते कोणाची. मी असं म्हणत नाही की या कुटुंबाने साडेसात वर्षं मनात राग धरला होता, त्यांच्या मनातलं मला काय माहीत. मी एवढंच म्हणतोय की मनातल्या माफीला बाहेर यायला, कोणाच्या तरी हातापर्यंत पोचायला वेळ लागला, मधे एक माणूस लागला, आणि समोरचा पण ती घ्यायला तयार व्हावा लागला. १९९५ मध्ये राखी घेऊन गेल्या असत्या तर त्या समंदरने ती बांधून घेतली असती असं मला तरी वाटत नाही.

पुढे आई. एलिस्वा त्यांचं नाव. त्यांनी समंदरचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं, कारण, त्या म्हणाल्या, या हातांना माझ्या मुलीचं रक्त लागलंय. हे वाचताना पहिल्यांदा अंगावर काटा येतो, मग जरा अस्वस्थ व्हायला होतं, आणि मग कळतं की या बाईने काहीच झाकलेलं नाही. झालं गेलं विसरा, तो बदललाय आता, असं काही नाही. रक्त लागलंय हे आधी म्हटलं आणि मग तेच हात धरले. माफी म्हणजे विसरणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं.

आता कायद्याची बाजू, कारण यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आपल्याकडे खुनाच्या केसमध्ये घरच्यांनी माफ केलं म्हणून केस मिटत नाही, गुन्हा सरकारविरुद्ध धरला जातो, घरचे फार तर साक्षीदार. राखी बांधली म्हणून दुसऱ्या दिवशी जेलचं दार उघडलं नाही. जन्मठेपेच्या अशा कैद्याला त्या वेळच्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) ४३३-अ कलमाखाली १४ वर्षं प्रत्यक्ष काढायलाच लागायची, त्याआधी सोडायचं तर घटनेच्या १६१ व्या कलमात राज्यपालांना असलेला दयेचा अधिकार. कुटुंबाने आणि चर्चच्या लोकांनी त्याच्या सुटकेसाठी लेखी दिलं आणि २००६ मध्ये, अकरा वर्षं भोगून, समंदर बाहेर आला.

त्या कागदावर सही करणं, हे मला राखीपेक्षा मोठं वाटतं. खरंच वाटतं. राखी बांधताना तो गजांच्या आत असतो, तुम्ही संध्याकाळी घरी जाता. सही केली की तो मोकळा. ज्या भागात तुमच्या संस्थेच्या बाकीच्या सिस्टर्स अजून राहतात, त्याच बसने जातात, त्याच भागात तो परत येणार. आमच्या बायबल ग्रुपमध्ये यावरून जोरात वाद झाला, राखीवर सगळे एकमताने हो म्हणाले आणि सहीचं विचारलं तेव्हा अर्धे गप्प. एक मावशी सरळ म्हणाल्या, मी माफ करीन पण सही नाही करणार, त्याची शिक्षा त्याने पूर्ण भोगावी. मला यात काही चुकीचं दिसत नाही, ख्रिस्ती दृष्टीने पण नाही. वधस्तंभावर येशूने त्या चोराला म्हटलं आज तू माझ्याबरोबर स्वर्गात असशील, पण त्याला खाली नाही उतरवलं, शिक्षा त्याने भोगलीच.

२००७ च्या सुरुवातीला समंदर सदानंद स्वामींबरोबर केरळला, पुल्लुवळीच्या घरी गेला. वडील पैली आणि आई, दोघांना भेटला, माफी मागितली. त्या घरात तो कसा शिरला असेल, उंबऱ्यावर किती वेळ थांबला असेल. मग गावी शेती. उदयनगरला राणी मारियांच्या कबरीवर जात राहिला, राखीचं नातंही टिकलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, रोमहून कार्डिनल अँजेलो अमातो आले होते, आणि त्या गर्दीत समंदर पण होता.

आता मुद्द्यावर येऊ. मत्तयच्या १८ व्या अध्यायात पेत्र विचारतो किती वेळा माफ करू, सात वेळा का, आणि येशू सत्तर वेळा सात सांगून लगेच एक गोष्ट सांगतो ती कर्जाची. एका नोकराला राजाचे दहा हजार टॅलेंट देणं, राजा सोडून देतो, आणि तोच नोकर बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. प्रवचनात हे शंभर दिनार नेहमी किरकोळ म्हणून सांगतात. किरकोळ नाहीत! दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे शंभर दिवसांची कमाई, सव्वातीन महिने घाम गाळल्याचे पैसे. (टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार, ते दहा हजार, तो आकडा फेडण्यातलाच नाही.) येशू असं म्हणतच नाही की तुझं नुकसान क्षुल्लक आहे. नुकसान खरं आहे, आकडा लिहिलेला आहे, आणि ज्याने सोडायचं त्याच्या खिशातूनच ते जाणार आहे. फुकटची कर्जमाफी नसते, कोणीतरी सोसतो. राणी मारियांच्या वत्तालिल कुटुंबाने ते सोसलं. मुलगी परत नाही आली.

आणि सोसण्याने बाहेर काय झालं? दुसरा खून टळला. याला मी चमत्कार वगैरे म्हणत नाही, समंदर स्वतःच सांगत आलाय की त्याला बाहेर येऊन त्या लोकांना संपवायचं होतं. मग त्यांची पोरं यांच्या मागे, यांची त्यांच्या मागे, हे चक्र आपण बातम्यांत बघतोच. माफीचं बोलताना आपण कायम स्वतःच्या मनाची शांती, झोप लागते, बीपी कमी होतं, असलं सांगतो. असेल तसंही. पण इथे माफीने वाचलं कोण, तर ज्यांच्यावर समंदरचा डोळा होता ती माणसं, आणि त्यांचे उपकार मानायचं कोणालाच कारण नव्हतं.

आता एक कडू गोष्ट. ही केस काठी म्हणून वापरली जाते. नवरा दारू पिऊन मारतो, बाई फादरांकडे किंवा सासूच्या बहिणीकडे जाते, आणि तिला ऐकवलं जातं, बघ त्या माउलीने पोरीच्या खुन्याला माफ केलं, तुला नवऱ्याला माफ करता येत नाही? अहो, समंदर तेव्हा जेलमध्ये होता! सुरा त्याच्या हातात नव्हता. पहिले वार थांबले, मग अटक, मग कोर्ट, मग शिक्षा, मग सात वर्षं, आणि मग राखी. ज्या घरात मारहाण अजून चालू आहे तिथे ही केस सांगायची असेल तर हाच क्रम सांगा, आधी पोलिस.

आणि भेटणं प्रत्येकाच्या वाट्याला येईलच असंही नाही. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळलं, पत्नी ग्लॅडिस यांनी जाहीरपणे माफ केलं, कुष्ठरोग्यांचं काम पुढे काही वर्षं तिथेच राहून चालू ठेवलं, पण कायद्याने त्याचं काम करावं हेही स्पष्ट ठेवलं आणि मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सुप्रीम कोर्टात २०११ ला कायम झाली. तिथे राखी नाही, सही नाही. म्हणून ती माफी कमी पडली का? मला नाही वाटत.

राहता राहिले ते भरीला घालणारे. त्यांनी माफी मागितल्याचं माझ्या वाचनात कुठे नाही. मग त्यांना माफ झालं का? लूकच्या १७ व्या अध्यायात येशू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला तो दाखव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, म्हणजे पश्चात्ताप आधी. मार्कच्या ११ व्यात म्हणतो की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा, तिथे समोरच्याने मागितली की नाही याचा प्रश्नच नाही. लोक यातलं आपल्या सोयीचं एक वचन धरतात. मला या केसवरून असं वाटतं की दोन्ही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. आपल्या बाजूने सोडून देणं, सूडाचा हक्क देवाकडे टाकणं, हे एकट्याला करता येतं, आजच करता येतं, तो माणूस मेला असला तरी. पण नातं जुळायचं असेल, भाऊ म्हणायचं असेल, तर समोरच्याला हात पुढे करावाच लागतो. समंदरने केला. ज्यांनी केला नाही त्यांच्याविरुद्ध कुटुंबाने दात धरला असंही कुठे दिसत नाही, आणि त्यांना कोणी राखीही बांधली नाही.

ग्रुपमध्ये यावर एकाने विचारलं की मग त्यांचा अपराध तसाच पडून राहिला ना? हो, राहिला. त्यांनी येऊन मागितली असती तर या घराने काय केलं असतं याबद्दल मला तरी शंका नाही, पण यायचं तर त्यांनाच होतं.